बुरशीही दिवे लावते!

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. कोर्टाचे काम आटोपून दुपारी कार्यालयात आलो, तर आमच्याच वस्तीतली एक मुलगी बाकावर बसली होती. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, मार्गदर्शकांच्या सहीचे पत्र. फेलोशिपच्या कामासाठी तिला प्रतिज्ञापत्र करून हवे होते. वडील तीस वर्षे भिवंडीच्या लूमवर आहेत. आई पूर्वी कांड्या भरायची. मुलगी एम.एस्सी. झाली, नेट पास झाली आणि दुसऱ्या शहरात पीएच.डी. करते, एवढे मला माहीत होते. प्रतिज्ञापत्रात लिहायचे म्हणून विचारले, "विषय काय गं तुझा?"

"बुरशी, वकीलकाका."

मला हसू आले. मागच्या कपाटातल्या जुन्या फायलींकडे बोट दाखवून मी म्हणालो, "मग लांब कशाला गेलीस? दर पावसाळ्यात इथे पाहिजे तेवढी मिळते."

ती हसली नाही. उठून कपाटाजवळ गेली, एका फायलीच्या पुठ्ठ्यावरचा हिरवट-काळा डाग निरखून पाहिला आणि म्हणाली, "काका, ही कागद खाते. तिच्या दृष्टीने कागद आणि सुती कापड एकच. मी हेच तर शिकते आहे."

वीस-बावीस वर्षे चळवळीत घालवलेला माणूस मी. शिक्षणावर शेकडो भाषणे दिली. पण आमच्या वस्तीतली पहिली संशोधक मुलगी समोर बसलेली असताना तिच्या विषयाला मी हसलो. ती गेल्यावर त्याची मला लाज वाटली. हा लेख त्या लाजेतून लिहितो आहे.

बुरशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? ओलसर भिंत, शिळी भाकरी, लोणच्यावरचा पांढरा थर. पण शेतकऱ्याला गव्हावरचा तांबेरा आणि ज्वारीवरची काणी ठाऊक असते, त्याही बुरशीच. पाव फुगवणारे यीस्ट ही बुरशी. मटणाच्या मसाल्यात आपण हटकून घालतो ते दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. आषाढात शहापूर, वाडा, मुरबाडकडच्या आदिवासी बाया पानात बांधून रस्त्याकडेला अळंबी विकतात, तीही बुरशीच. कोणती वारुळावरची खायची आणि कोणती विषारी, हे त्या बायांना पिढ्यान्पिढ्या कळते. मात्र त्यांच्या ज्ञानाला कोणी पदवी देत नाही.

१९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लंडनमध्ये पेनिसिलिन सापडले ते बुरशीत. दुसऱ्या महायुद्धात ते मोठ्या प्रमाणावर बनवण्याची वेळ आली, तेव्हा १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया या गावी एका बुरसटलेल्या खरबुजावर भरघोस पेनिसिलिन देणारी बुरशी मिळाली. भारत सरकारने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला तो पेनिसिलिन बनवण्यासाठीच. तिथेच एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधून काढले. त्या सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. आपल्या पिंपरीचे नाव जगाच्या विज्ञानात असे गेले.

आणि २०२१ कोण विसरेल? कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात थैमान घातले. कित्येकांचे डोळे काढावे लागले, जबडे काढावे लागले. अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक शहरभर वणवण फिरत होते. त्या दिवसांत बुरशी हा विषय कोणाला हसण्यासारखा वाटला नव्हता.

या मुलीचा विषय तर थेट आमच्या भिवंडीच्या पोटाशी भिडलेला आहे. महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कापड कुजून जाऊ लागले. कारण शोधताना शास्त्रज्ञांना एक बुरशी सापडली. एल्विन रीझ या शास्त्रज्ञाच्या नावावरून पुढे तिला ट्रायकोडर्मा रीझाय हे नाव मिळाले. सुतातला सेल्युलोज तोडून त्याची साखर करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, ती बाहेर सोडते. जी बुरशी सैन्याची शत्रू म्हणून हाती लागली, तिच्यापासून मिळणारी विकरे आज जगभर कापडउद्योगात वापरतात. जीन्सला जुनाट रंग आणायला, सुती कापडावरची लव काढून ते मऊ करायला तीच लागतात. सायझिंगमध्ये सुताला दिलेली खळ नंतर कापडातून काढून टाकायलाही विकरेच लागतात. आमच्या गावात हजारो कामगार रात्रंदिवस कापड विणतात. त्या कापडाचे रसायन मात्र आमच्या मुलांना कोणी शिकवले नाही.

ही मुलगी जंगलातल्या पालापाचोळ्यातून आणि लूमच्या सुती कचऱ्यातून सेल्युलोज खाणाऱ्या बुरशी गोळा करते. तिच्या वडिलांना मी हे समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आम्ही विणायचं आणि हिच्या बुरशीनं खायचं!" पण बोलताना त्यांचा चेहरा फुलला होता.

पुढे एका खटल्याच्या निमित्ताने तिच्या शहरात जाणे झाले, तेव्हा मुद्दाम तिची प्रयोगशाळा पाहून आलो. वाचकांना कल्पना यावी म्हणून तिथला दिनक्रम सांगतो.

पावसाळ्यात रानात जायचे. वनखात्याची परवानगी आधी काढायची. ओल्या पाल्याचे, सालींचे तुकडे कागदी पाकिटात भरून त्यावर जागा आणि तारीख लिहायची. परत आल्यावर बटाट्याचा काढा, साखर आणि अगार यांचे खाद्य शिजवायचे. ते १२१ अंश तापमानाला पंधरा-वीस मिनिटे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायचे. काचेच्या तबकड्यांत ओतायचे. मग ज्योतीजवळ हात ठेवून, श्वाससुद्धा जपून घेत, सुईच्या टोकाने बुरशीचा कण त्यावर ठेवायचा. मग वाट पाहायची. तीन दिवस, सात दिवस, कधी तीन आठवडे. हवेतला एक भलता कण आत शिरला की सगळी तबकडी वाया जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एका महिन्यात तिच्या चाळीस तबकड्या अशा वाया गेल्या होत्या. "वेगळी करायची म्हणजे काय, तर एका बीजाणूपासून वाढवायची. तोवर ती कोण आहे हे सांगता येत नाही," ती म्हणाली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना बुरशीला ज्या निळ्या रंगाने रंगवतात, त्याला कॉटन ब्लू म्हणतात. कापसाच्या गावच्या मुलीच्या बोटांवर तो रंग होता.

तिने शीतकपाट उघडून दाखवले. काचेच्या नळ्यांत तिरप्या खाद्यावर जिवंत बुरशी ठेवलेल्या. "काका, या जिवंत आहेत. ठरावीक महिन्यांनी यांना नव्या नळीत घालावे लागते. मी नसले तर या मरतात." कोर्टातल्या फायली दहा वर्षे पडून राहिल्या तरी मरत नाहीत, मरतो तो पक्षकार. इथे मात्र प्रत्येक नळीला तारीख होती आणि प्रत्येक तारखेला तिला हजर राहायचे होते. दिवाळीची सुट्टी नाही, घरचे लग्न नाही.

त्यातली एक नळी तिने वेगळी ठेवली होती. त्यातली बुरशी आजवर वर्णन झालेल्या कोणत्याही बुरशीशी जुळत नाही असे तिला वाटते. खात्री मात्र नाही. तिच्या डीएनएचा ठरावीक भाग वाचून घ्यावा लागेल, जगातल्या नोंदींशी ताडून पाहावा लागेल. खरेच नवी निघाली तर तिचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कवकशास्त्रज्ञ आजरेकर यांच्या नावाचा असा नमुनासंग्रह आहे आणि तिथेच जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही आहे. हे सगळे झाले की त्या बुरशीला नाव देता येते.

नाव देणे! या शब्दापाशी मी थबकलो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव तिरस्कार वाटेल असे ठेवावे, अशी आज्ञा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे आठवा. कचरू, धोंडू, उकिरड्या. ज्या ग्रंथाने माणसाच्या नावातही तिरस्कार कालवला, त्याचे दहन बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले. आज त्याच समाजाची लेक निसर्गातल्या एका जीवाला नाव देण्याच्या उंबरठ्यावर उभी आहे. शास्त्राचा नियम असा, की नव्या जातीच्या नावापुढे ती प्रथम वर्णन करणाऱ्याचे आडनाव कायमचे जोडले जाते. आपल्या ज्या आडनावांवरून नोकरीच्या मुलाखतीत भुवया उंचावतात, घर भाड्याने देताना दारे बंद होतात, ते आडनाव जगातल्या प्रत्येक संशोधकाला त्या बुरशीच्या नावासोबत लिहावे लागेल.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. २०११ पर्यंत नव्या बुरशीचे वर्णन लॅटिनमध्ये करणे बंधनकारक होते. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते. मला बाबासाहेबांचे शालेय जीवन आठवले. त्यांना संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. ज्ञानाच्या दाराला भाषेचे कुलूप लावण्याची युक्ती जुनी आहे. विज्ञानाने निदान एक कुलूप काढले. आपल्याकडे मात्र प्रयोगशाळेच्या दाराला दुसरी कुलुपे आहेत.

त्यातले सगळ्यात मोठे कुलूप पैशाचे आहे. मी भेटलो तेव्हा तिची फेलोशिप सात महिने थकली होती. कागद पूर्ण, हजेरी पूर्ण, अहवाल दिलेला, तरी पैसे नाहीत. कोणत्या खिडकीवर गाडी अडली हे कोणी सांगेना. कनिष्ठ संशोधकाला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळायला हवेत. ऐकायला ही रक्कम मोठी वाटते. पण सात महिने काहीच न मिळणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी शेती नाही, दुकान नाही, बापाची पेन्शन नाही, त्यालाच कळते. खोलीचे भाडे मैत्रिणीने भरले. रसायने उधारीवर आणली. डीएनए वाचून घेण्याचे काम पुढे ढकलले. मध्येच वडिलांची तब्येत बिघडली, तेव्हा ती तीन आठवडे भिवंडीला होती. नळ्या दुसऱ्या एका संशोधक मुलीने सांभाळल्या, म्हणून वाचल्या.

त्या तीन आठवड्यांत तिने माणकोलीच्या एका गोदामात संगणकावर नोंदी करायच्या नोकरीची चौकशी केली होती. हे तिने मला सांगितले नाही, तिच्या आईने सांगितले. "महिन्याच्या महिन्याला पगार तरी मिळेल," असे ती आईला म्हणाली होती.

संशोधन अर्ध्यावर कसे सुटते याचे कारण इथे आहे. बुद्धी कमी पडत नाही, वेळ कमी पडतो. उच्चवर्णीय घरातल्या मुलाची फेलोशिप सात महिने थकली तर घरून पैसे येतात आणि तो सात महिने वाट पाहू शकतो. बुरशी वाढायला वेळ लागतो, तो वेळ त्याच्याकडे वडिलोपार्जित असतो. आमच्या मुलांसाठी फेलोशिप म्हणजे तो वेळ विकत घेण्याचे एकमेव साधन आहे.

हे दुःख नवे नाही. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ मध्ये त्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले, तेव्हा कुठे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. डी.एस्सी. मिळाली १९२३ मध्ये. जगातल्या मोठ्या विद्वानांपैकी एकाची काही वर्षे शिष्यवृत्ती संपली म्हणून गेली. त्या वर्षांचा हिशेब कोणी मांडला आहे का?

म्हणूनच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. ते त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने ते वाचावे, आणि माझ्यासारख्या वकिलाने तर दोनदा वाचावे. कारण त्यात स्वतः बॅरिस्टर असलेले बाबासाहेब स्पष्ट सांगतात की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, त्यांना गरज आहे ती विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची. हे शिक्षण खर्चिक आहे, आपल्या मुलांना ते परवडणार नाही, म्हणून सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, परदेशी पाठवावे, अशी मागणी त्यांनी केली. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज लाखो मुले शिकतात ती त्या वाटेवरून.

ऐंशी वर्षे उलटली. आपण काय केले? वकील झालो, शिक्षक झालो, अधिकारी झालो, कवी झालो. त्याचा अभिमान आहेच. पण प्रयोगशाळेत आपले किती लोक गेले? जयंतीच्या वर्गणीत डीजेला किती आणि एखाद्या संशोधकाच्या रसायनांना किती? हा प्रश्न विचारताना मी स्वतःलाही सोडत नाही. आमच्या मंडळाच्या हिशेबाच्या वहीत रसायनांचा आकडा शून्य आहे.

आता कायद्याचे बोलतो. २००६ चा केंद्रीय शैक्षणिक संस्था (प्रवेशातील आरक्षण) कायदा पाहा. कलम ३ अन्वये प्रत्येक शाखेत अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना साडेसात टक्के जागा आहेत. पण लगेच कलम ४ मध्ये अपवाद आहे. अनुसूचीत नमूद केलेल्या 'उत्कृष्टतेच्या संस्था, संशोधन संस्था' यांना हे लागू नाही. त्या यादीत होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. अध्यापकांच्या आरक्षणासाठी २०१९ मध्ये कायदा झाला, त्यातही हाच अपवाद पुन्हा आला. म्हणजे देशाच्या संसदेने कायद्याच्या भाषेत असे लिहून ठेवले, की जिथे उत्कृष्टता सुरू होते तिथे आरक्षण संपते. हा निव्वळ तांत्रिक अपवाद आहे असे ज्याला वाटते, त्याने 'गुणवत्ता' हा शब्द आपल्या कानांवर आजवर किती वेळा आणि कोणत्या सुरात पडला ते आठवावे. आपल्यापैकी कितीजणांना हे कलम माहीत आहे? मोर्चे निघाले ते नोकऱ्यांसाठी, निघायलाच हवे होते. पण या कलमावर मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

रोहित वेमुला आठवा. हैदराबादचा हा संशोधक विज्ञानाचा विद्यार्थी होता. त्याला विज्ञानलेखक व्हायचे होते. १७ जानेवारी २०१६ रोजी तो गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा उल्लेख आहे. सात महिने! या मुलीने मला तोच आकडा सांगितला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. २०१९ मध्ये रोहितची आई राधिका वेमुला आणि डॉ. पायल तडवीची आई आबेदा तडवी या दोन माता उच्च शिक्षणातल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुले गमावलेल्या आयांना जे करावे लागले, ते चळवळीने आधी करायला हवे होते.

महाराष्ट्रातही बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधक मुलांना आझाद मैदानावर बसावे लागले. ज्या हातात सूक्ष्मदर्शक आणि पुस्तक असायला हवे, त्या हातात फलक होते. आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात संशोधकांच्या फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल विधान परिषदेत केला. त्यावर टीका झाली, विषय मागे पडला. पण तो प्रश्न एकट्या नेत्याचा नव्हता. आपल्या वस्तीतही तोच विचारला जातो. "इतकं शिकून काय बुरशी बघायची?" मी हसलो होतो तेही याच प्रश्नाचे दुसरे रूप होते.

या विषयाला नाक मुरडण्यामागे आणखी एक जुने दुखणे आहे. बुरशी म्हणजे घाण, कुजणे, मेलेले. आपल्या पूर्वजांकडून गावाने मेलेली ढोरे ओढून घेतली आणि वर त्यांनाच अपवित्र म्हटले. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी ती कामे सोडण्याचा आदेश दिला. म्हणून कुजक्या वस्तूंत हात घालणारी पीएच.डी. आपल्याच काही वडीलधाऱ्यांना रुचत नाही. मी त्यांना एवढेच सांगेन, की ढोर ओढणे लादलेले होते, हे निवडलेले आहे. तिथे ज्ञान नाकारले होते, इथे ज्ञान निर्माण होते आहे. आणि निसर्गात कुजवणारा कोणी अस्पृश्य नसतो. बुरशीने मेलेले लाकूड आणि पाला मातीत परतवला नाही तर जंगल स्वतःच्या पाचोळ्याखाली गाडले जाईल. शुद्ध-अशुद्ध ही भाषा शास्त्राच्या प्रयोगशाळेत चालत नाही, ती फक्त धर्मशास्त्रात चालते. वैज्ञानिक दृष्टी वाढवणे हे संविधानाच्या कलम ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. तथागतांनी कालामांना परंपरेने सांगितले म्हणून मानू नका असे बजावले, तेही याच दृष्टीने.

मग करायचे काय? माझ्या अल्पबुद्धीला सुचते ते मांडतो. पहिले, प्रत्येक तालुक्यात संशोधक विद्यार्थ्यांची यादी करा. आपल्या वस्तीत कोण कशावर पीएच.डी. करतो हे विहाराच्या फळ्यावर लिहा. दुसरे, जयंती मंडळांनी वर्गणीचा दहावा हिस्सा आकस्मिक निधी म्हणून बाजूला ठेवावा. फेलोशिप थकली तर त्यातून उसने द्यावे, आली की परत घ्यावे. दान नको, पूल हवा. तिसरे, आपल्या वकील संघटनांनी थकलेल्या फेलोशिपची प्रकरणे विनामूल्य घ्यावीत. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज, एक नोटीस, गरज पडल्यास उच्च न्यायालयात रिट. मंजूर झालेली रक्कम वेळेवर मिळणे हा हक्क आहे, भीक नव्हे. चौथे, २००६ आणि २०१९ च्या कायद्यांतला तो अपवाद आपल्या खासदारांच्या नजरेस आणून द्या, निवडणुकीत त्याचा जाब विचारा.

या मुलीच्या प्रकरणात आम्ही दोघा वकिलांनी माहितीचा अर्ज केला, मग नोटीस पाठवली. चार महिन्यांची रक्कम जमा झाली आहे, तीन महिन्यांची अजून यायची आहे. आमच्या मंडळाने डीएनए तपासणीचा खर्च उसना दिला. नमुना पाठवला आहे. ती बुरशी नवी निघेल की जुनीच ठरेल, हे लिहितेवेळी माहीत नाही. जुनी निघाली तरी तिच्या कामाची किंमत कमी होत नाही. गोदामातल्या नोकरीचा विषय आता तिच्या घरात निघत नाही.

नोटिशीच्या कामासाठी ती कार्यालयात आली, तेव्हा मी सभागृहातला तो दिव्यांचा प्रश्न तिला सांगितला. आधी ती गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात रात्री कधी गेलात का? कुजलेल्या लाकडांवर मायसिना नावाची बुरशी असते. अंधारात हिरवट उजेड पडतो तिचा. तेल नाही, वात नाही. कुजलेल्या लाकडावर जगते आणि उजेड देते."

स्वतःच स्वतःचा दीप व्हा, असे भगवान बुद्धांनी सांगितले. आपली मुले तो दीप पेटवायला निघाली आहेत. त्यांना विझू न देणे एवढे तरी आपल्या हातात आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!